व्हेरिफायनाऊ ॲस्पिरिन चाचणी : रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी कितपत भरवशाची?

पायाच्या किंवा मानेच्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण घरी जातो, तेव्हा त्याच्या औषधांच्या चिठ्ठीवर ॲस्पिरिन जवळजवळ नेहमीच असते आणि बहुतेकदा ते आयुष्यभरासाठी असते. रक्तदाबाची गोळी लागू पडते आहे की नाही हे दंडाला पट्टा बांधून कळते, मधुमेहाची गोळी लागू पडते आहे की नाही हे साखर तपासून कळते. ॲस्पिरिनच्या बाबतीत मात्र गोळी पोटात गेली म्हणजे काम झाले, असे धरून चालण्याची आम्हा डॉक्टरांची जुनी सवय आहे. हे गृहीत प्रत्येक रुग्णात खरे ठरते का, हे तपासण्यासाठी बाजारात जी साधने आहेत, त्यांपैकी व्हेरिफायनाऊ या छोट्या यंत्राची ॲस्पिरिन चाचणी आमच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपासून वापरात आहे. रक्त गोठण्याच्या तपासण्यांचे काम माझ्याकडे आहे आणि या चाचणीसाठी येणारे नमुने मुख्यतः रक्तवाहिनी शस्त्रक्रियेच्या विभागाकडूनच येतात, त्यामुळे यंत्र विकत घेण्याचा विचार करणाऱ्या रुग्णालयांना आणि चाचणी सुचवली गेल्यामुळे गोंधळलेल्या रुग्णांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहिते आहे.

चाचणी काय मोजते हे समजण्यासाठी ॲस्पिरिन काय करते ते आधी सांगायला हवे. डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झालेल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तबिंबिका, जखमेच्या जागी एकमेकींना चिकटतात आणि चिकटताना थ्रॉम्बॉक्सेन नावाचे रसायन सोडून आजूबाजूच्या प्लेटलेट्सनाही बोलावून घेतात. हे रसायन तयार करण्यासाठी कॉक्स-१ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, लागते. ॲस्पिरिन या विकराला असा रासायनिक गट कायमचा चिकटवून ठेवते की त्याचा मार्गच बंद होतो. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे तिला नवे विकर बनवता येत नाही, आणि म्हणून रक्तातले ॲस्पिरिन पंधरा-वीस मिनिटांत अर्ध्यावर येत असले, तरी एकदा बंद पडलेली प्लेटलेट तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्यभर बंदच राहते. दिवसातून एकदा घेतलेली ७५ मिलिग्रॅमची लहानशी गोळी पुरते, ती याच कारणाने. ॲस्पिरिन या रसायनांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्याआधी सत्तरहून अधिक वर्षे हे औषध केवळ ताप आणि दुखणे यांवर दिले जात होते.

यात एक बारकावा आहे आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. थ्रॉम्बॉक्सेन निम्मे किंवा पाऊण कमी होऊन भागत नाही. ते ९५ टक्क्यांहून अधिक दबले, तरच प्लेटलेट्सच्या वागण्यात खरा फरक पडतो. शरीरात रोज सुमारे एक दशांश प्लेटलेट्स नव्या येतात आणि त्या नव्या प्लेटलेट्सनी ॲस्पिरिन पाहिलेले नसते. म्हणजे दोन-तीन दिवस गोळी चुकली, तर गुठळी होण्याची क्षमता बऱ्यापैकी परत येऊ शकते. ज्यांच्या प्लेटलेट्सची उलाढाल वेगाने होते, म्हणजे मधुमेही, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेले किंवा जखमेत जंतुसंसर्ग असलेले रुग्ण, त्यांच्यात पुढच्या गोळीची वेळ येण्याआधीच नव्या प्लेटलेट्स बऱ्याच जमलेल्या असू शकतात. रक्तवाहिनी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पायाला गँगरीन झालेले, साखर वाढलेले, वर्षानुवर्षे बिडी ओढलेले जे रुग्ण असतात, त्यांच्यात या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्रच आढळतात.

आता यंत्राविषयी. व्हेरिफायनाऊ हे टेबलावर मावणारे यंत्र आधी अमेरिकेतील सॅन डिएगोच्या ॲक्युमेट्रिक्स या कंपनीचे होते आणि आता ते वेरफेन या कंपनीकडे आहे. ॲस्पिरिनसाठी आणि प्लेटलेट्सना वेगळ्या मार्गाने रोखणाऱ्या क्लोपिडोग्रेलसारख्या औषधांसाठी त्यात वेगवेगळी, एकदाच वापरायची कार्ट्रिजे लागतात. ॲस्पिरिनच्या कार्ट्रिजमध्ये फायब्रिनोजेनचा, म्हणजे प्लेटलेट्स ज्याला चिकटतात त्या रक्तातील प्रथिनाचा, लेप दिलेले अतिसूक्ष्म मणी आणि ॲरॅकिडॉनिक आम्ल असते. कॉक्स-१ उघडे असेल, तर या आम्लापासून थ्रॉम्बॉक्सेन बनते, प्लेटलेट्स जाग्या होतात आणि मण्यांना चिकटून गोळे करतात. गोळे झाले की रक्त निवळते आणि त्यातून अधिक प्रकाश पार होतो. प्रकाश किती आणि किती वेगाने वाढला, त्यावरून यंत्र एक आकडा देते. तो ॲस्पिरिन रिॲक्शन युनिट या एककात असतो. ५५० पेक्षा कमी आकडा आला, तर प्लेटलेट्सवर ॲस्पिरिनचा परिणाम दिसतो आहे, आणि ५५० किंवा त्याहून अधिक आला, तर तो दिसत नाही, असा त्याचा अर्थ लावायचा असतो.

वापरायला हे यंत्र सोपे आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. रक्त केंद्रोत्सारकात फिरवावे लागत नाही, पिपेटने मोजावे लागत नाही. रक्त गोठू न देणारे सायट्रेट असलेली, रक्ताने भरलेली नळी कार्ट्रिजच्या सुईवर दाबून बसवली की पुढचे काम यंत्र स्वतः करते आणि पाचेक मिनिटांत निकाल हाती येतो. रात्रपाळीचा तंत्रज्ञसुद्धा थोड्या सरावाने ही चाचणी नीट करू शकतो. याच्या तुलनेत गुस्ताव्ह बॉर्न यांनी १९६२ साली मांडलेली प्रकाशमापनाची मूळ पद्धत, जिला आजही या क्षेत्रात मापदंड मानतात, तिच्यासाठी प्लेटलेट्सने समृद्ध असा प्लाझ्मा आधी वेगळा करावा लागतो, तो ३७ अंश तापमानाला ढवळत ठेवावा लागतो, आणि कसलेल्या हातालाही एका रुग्णामागे दोन-तीन तास सहज लागतात. रुग्णाच्या रक्तात चरबी जास्त असेल, तर तो प्लाझ्मा दुधासारखा गढूळ होतो आणि वाचनच बिघडते. आमच्याकडे तीही पद्धत आहे. परंतु सकाळी आठला शस्त्रक्रियेसाठी न्यायच्या रुग्णाचे उत्तर साडेसातला हवे असेल, तर तिचा काही उपयोग नसतो.

सोपेपणाची ही बाजू मान्य केली, तरी नमुना घेण्याच्या बाबतीत ही चाचणी जराही ढिलाई सहन करत नाही. ३.२ टक्के सायट्रेट असलेली, उत्पादकाने सांगितलेलीच नळी वापरावी लागते, ती खुणेपर्यंत भरावी लागते, आणि सुई टोचल्यावर येणारे पहिले रक्त वेगळ्या नळीत घेऊन बाजूला ठेवावे लागते, कारण त्यात सुईच्या जखमेने जाग्या झालेल्या प्लेटलेट्स असतात. नंतर नळी किमान ३० मिनिटे तशीच राहू द्यायची आणि चार तासांच्या आत तपासायची. एकदा अतिदक्षता विभागातून आलेला नमुना बर्फाच्या पेटीत होता. रक्तातील वायूंच्या तपासणीचा नमुना बर्फात पाठवायचा असतो, आणि घाईत दोन्ही नळ्या एकाच पेटीत ठेवल्या गेल्या होत्या. थंडीने प्लेटलेट्सचा आकार आणि स्वभाव दोन्ही बदलतात, त्यामुळे तो नमुना टाकून देणे भाग होते आणि रुग्णाला पुन्हा टोचावे लागले. हवेच्या दाबाने नमुने पोहोचवणारी नळयंत्रणा जिथे आहे, तिथेही हे नमुने माणसाच्या हातीच पाठवलेले बरे, कारण त्या धक्क्यांनीही प्लेटलेट्स जाग्या होतात. आमच्या वॉर्डातील परिचारिकांना हे एकदा नीट समजावल्यावर परत पाठवाव्या लागणाऱ्या नमुन्यांची संख्या उतरली, आणि त्याचे श्रेय यंत्राइतकेच त्यांनाही आहे.

आकडा हाती आल्यावर त्याचा अर्थ काय लावायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याबाबत मला आलेला एक अनुभव सांगते, कारण या चाचणीचा सर्वांत मोठा उपयोग कोणता, हे मला त्यातून कळले. सातारा जिल्ह्यातील साठी ओलांडलेले एक शेतकरी मांडीच्या रोहिणीची अँजिओप्लास्टी करून घेऊन गेले होते. काही महिन्यांनी चालताना पोटरीत पुन्हा गोळे येऊ लागले, म्हणून ते परत आले. त्यांचा आकडा साडेपाचशेच्या बराच वर आला. निवासी डॉक्टरने विचारले, "काका, सकाळची गोळी रोज घेता ना?" ते म्हणाले, "घेतो की डॉक्टर, एकही चुकवली नाही." चिठ्ठी पाहिली, रिकामी पाकिटे पाहिली, सगळे जुळत होते. मग त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "गुडघ्याची गोळी पण घेतात हो, सकाळी उठल्या उठल्या तीच आधी, आणि ही नंतर चहाबरोबर." गुडघ्याच्या गोळीत आयबुप्रोफेन होते.

आयबुप्रोफेन कॉक्स-१ च्या त्याच मार्गात जाऊन बसते, फक्त तात्पुरते. ते तिथे असताना आलेल्या ॲस्पिरिनला जागा मिळत नाही, आणि आयबुप्रोफेन उठून जाईपर्यंत ॲस्पिरिनच रक्तातून संपलेले असते. दिवसाच्या उरलेल्या भागात प्लेटलेट्स पूर्वीइतक्याच मोकळ्या राहतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे स्पष्टपणे दाखवले गेले आहे. काकांची गुडघ्याची गोळी बदलून पॅरासिटामॉल दिले आणि काही दिवसांनी पुन्हा तपासले, तेव्हा आकडा ५५० च्या खाली आला. पोटरीतील गोळ्यांचे कारण हेच होते, असे मी म्हणणार नाही. अँजिओप्लास्टी केलेली जागा पुन्हा अरुंद होण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांत वाहिनीच्या भिंतीतील पेशींची वाढ हे मोठे कारण आहे, ज्यावर ॲस्पिरिनचा विशेष इलाज चालत नाही. तरीसुद्धा औषध रोज घेणारा आणि त्याचा काहीच लाभ न होणारा एक माणूस या चाचणीने हुडकून दिला, आणि तोही चौकशीने न सापडलेला.

आकडा जास्त येतो तेव्हा आमच्याकडे सापडणारी कारणे बहुतांश याच जातीची असतात. गोळी घेतलीच जात नाही, गावी जाताना पाकीट घरी राहिले, पोटात जळजळ होते म्हणून दिवसाआड घेतली, दात काढताना कोणीतरी बंद करायला सांगितली आणि मग सुरू करायचे राहून गेले. त्यासाठी आम्ही एक साधी पद्धत पाळतो : आकडा जास्त आला की रुग्णाला आमच्यासमोर गोळी घ्यायला देतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा नमुना घेतो. दुसरा आकडा खाली आला, तर प्रश्न औषधाचा नसून घेण्याचा होता, हे कळते, आणि मग रुग्णाला दोष न देता घरच्यांशी बसून गोळीची वेळ कशाला जोडायची ते ठरवता येते.

दुसरे कारण गोळीच्या आवरणात असू शकते. आपल्याकडे सर्वपरिचित असलेल्या इकोस्प्रिनसह कमी मात्रेच्या अनेक गोळ्यांना जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारे आवरण असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ४०० निरोगी माणसांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की आवरण असलेल्या गोळीचे शोषण काहींमध्ये उशिरा किंवा अपुरे होते आणि त्यामुळे चाचणीत ॲस्पिरिन लागू पडत नसल्यासारखे दिसते. खरा, टिकून राहणारा ॲस्पिरिन-प्रतिरोध, म्हणजे औषध शरीरात पोहोचूनही लागू न पडणे, मात्र त्यांना एकातही आढळला नाही. म्हणून समोर दिलेली आवरणाची गोळी घेऊन तासाभरातच नमुना घेणे चुकीचे आहे, आणि पुन्हा तपासताना आम्ही आवरण नसलेली, पाण्यात विरघळणारी गोळी देतो. कोणी हे वाचून आपली आवरणाची गोळी स्वतःहून चावून खाऊ नये किंवा बदलू नये, हे आवर्जून सांगते; पोटाच्या व्रणाचा इतिहास असलेल्यांसाठी तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

"ॲस्पिरिन-प्रतिरोध" हा शब्द मी आमच्या अहवालांत छापू देत नाही, त्याचे आणखी एक कारण आहे. माँट्रियल येथील संशोधकांनी २००७ साली स्थिर हृदयविकाराच्या २०१ रुग्णांचे रक्त एकाच वेळी सहा पद्धतींनी तपासले. त्यांपैकी ॲरॅकिडॉनिक आम्ल वापरून केलेल्या मूळ प्रकाशमापनात ॲस्पिरिन लागू न पडणारे ४ टक्के निघाले, व्हेरिफायनाऊमध्ये सुमारे ७ टक्के, संपूर्ण रक्ताच्या विद्युतमापनात १८ टक्के, लघवीतील थ्रॉम्बॉक्सेनच्या अवशेषावरून सुमारे २३ टक्के, आणि पीएफए-१०० या यंत्रावर जवळजवळ ६० टक्के. माणसे तीच, गोळी तीच, दिवसही तोच. इतकेच नव्हे, तर एका पद्धतीने ज्यांना दोषी ठरवले, त्यांना दुसरीने बहुधा ठरवले नाही. हा घोळ पद्धतींच्या स्वभावातून येतो. पीएफए-१०० मध्ये रक्त एका बारीक छिद्रातून वेगाने नेले जाते आणि ते छिद्र किती सेकंदांत बुजते ते मोजले जाते. त्यात प्लेटलेट्सना जखमेच्या जागी धरून ठेवणारा फॉन विलेब्रांड घटक, रक्तपेशींचे प्रमाण, प्लेटलेट्सची संख्या असे सगळेच मिसळते. शस्त्रक्रियेनंतर फॉन विलेब्रांड घटक वाढतो, तेव्हा ॲस्पिरिन उत्तम काम करत असतानाही छिद्र लवकर बुजू शकते. रक्तवाहिनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये केवळ ॲस्पिरिनचा परिणाम पाहण्यासाठी ते यंत्र मी वापरणार नाही.

व्हेरिफायनाऊ याबाबतीत सरस आहे, कारण ते ॲरॅकिडॉनिक आम्लाने नेमक्या कॉक्स-१ च्या दारावर थाप मारते. त्याच तत्त्वावर चालणारे मल्टिप्लेट हे यंत्रही चांगले आहे. त्यात रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनच्या नळीत घ्यावे लागते आणि इलेक्ट्रोडवर चिकटणाऱ्या प्लेटलेट्समुळे विद्युतरोध किती वाढतो, ते सहा मिनिटे नोंदले जाते. परंतु तिथे पिपेटिंग आहे, आणि एकाच रुग्णाचे दोन वेळचे आकडे तंत्रज्ञाच्या हातावर थोडेफार हलतात. औषधाचा परिणाम सर्वांत काटेकोर मोजायचा असेल, तर रक्त ३७ अंशाला तासभर गोठू देऊन त्यातील थ्रॉम्बॉक्सेन बी-२, म्हणजे थ्रॉम्बॉक्सेनचा टिकाऊ अवशेष, मोजणे हाच मार्ग आहे. ती संशोधनाची चाचणी आहे. रुग्ण खाटेवर वाट पाहत असताना ती उपयोगी पडत नाही.

आता आमच्या विभागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग : चाचणी केव्हा करायची. मानेतील कॅरोटिड रोहिणी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत पहिल्या काही तासांत शिवणीच्या जागी प्लेटलेट्स जमून त्यांचे कण मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. इंग्लंडमधील लेस्टर येथील गटाने, ॲस्पिरिन नियमित घेणाऱ्या रुग्णांमध्येही ही शस्त्रक्रिया चालू असताना ॲरॅकिडॉनिक आम्लाला प्लेटलेट्सचा प्रतिसाद तात्पुरता वाढतो, असे २००४ साली दाखवले, आणि पुढे याचा संबंध शस्त्रक्रियेत दिल्या जाणाऱ्या हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशी तपासला. म्हणजे आदल्या संध्याकाळी ४५० आलेला आकडा दुसऱ्या दिवशी दुपारी तोच असेल, असे नाही. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात अस्थिमज्जा भराभर नव्या प्लेटलेट्स सोडू लागते, तेव्हा पुन्हा चित्र बदलते. म्हणून आम्ही आकडा नेहमी तीन गोष्टींसह वाचतो : शेवटची गोळी किती वाजता घेतली, शस्त्रक्रियेपासून कितवा दिवस आहे, आणि हेपॅरिन चालू आहे का. यांपैकी एकही माहिती फॉर्मवर नसेल, तर वॉर्डात फोन करून विचारल्याशिवाय अहवाल सोडत नाही. गोळी घेतल्यानंतर दोन तासांनी घेतलेला नमुना आणि पुढच्या गोळीच्या आधी घेतलेला नमुना, यांत मधुमेही रुग्णाच्या बाबतीत दुसराच अधिक खरे बोलतो.

काही अडथळे तर सरळ निकाल बाद करणारे आहेत. चाचणी फायब्रिनोजेनच्या मण्यांवर अवलंबून असल्यामुळे, प्लेटलेटवरील फायब्रिनोजेन धरणारी जागाच बंद करणारी टिरोफिबान, एप्टिफिबाटाइड यांसारखी औषधे दिली असतील, तर आकडा खोटा कमी येतो. ती दिल्यानंतर किमान दोन दिवस ही चाचणी करू नये. प्लेटलेट्सची संख्या किंवा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, फार कमी असलेल्या रुग्णातही तिच्यावर विसंबता येत नाही. महाधमनीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत बरेच रक्त गेलेल्या रुग्णाचा नमुना लगेच आला, तर आम्ही आधी साधी रक्तगणना पाहतो.

आकडा जास्त आलेल्या रुग्णाचे पुढे खरोखर वाईट होते का? याची उत्तरे थोडी विस्कळीत आहेत. चालताना पाय दुखणाऱ्या १०० रुग्णांवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अँजिओप्लास्टीनंतर वाहिनी पुन्हा बंद पडणे हे फक्त अशाच पुरुषांमध्ये दिसले, ज्यांच्या रक्तात ॲस्पिरिनचा अपेक्षित परिणाम मोजता आला नव्हता. २००३ साली ३२६ हृदयरुग्णांच्या अभ्यासात ॲस्पिरिन न लागू पडलेल्यांमध्ये मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण २४ टक्के होते, तर इतरांमध्ये १० टक्के. ही आकडेवारी धक्कादायक वाटते. परंतु तिथे ॲस्पिरिन न लागू पडलेले रुग्ण केवळ १७ होते, हेही सांगायला हवे. धोका दिसणे आणि औषध बदलून तो टाळता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फ्रान्समध्ये झालेल्या आर्क्टिक चाचणीत हृदयात स्टेंट बसवायच्या २,४४० रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार व्हेरिफायनाऊच्या आकड्यांनुसार बदलले आणि निम्म्यांचे नेहमीप्रमाणे ठेवले. २०१२ साली निकाल आला, तेव्हा वर्षभरातील मुख्य दुर्घटनांचे प्रमाण आकड्यांनुसार चाललेल्या गटात ३४.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१.१ टक्के होते, म्हणजे काहीही फायदा नव्हता. ते रुग्ण हृदयाचे होते, पायाचे नव्हते, हे खरे. तरी हा निकाल बाजूला सारून प्रत्येक रुग्णाची चाचणी करण्याचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे मी ऐकून घेतले, पण मान्य केले नाही.

आकडा जास्त आला म्हणून ॲस्पिरिनची मात्रा भरमसाठ वाढवणे, हा मोह तर आवरलाच पाहिजे. कॅरोटिड शस्त्रक्रियेच्या २,८४९ रुग्णांवरील १९९९ च्या चाचणीत कमी मात्रा, म्हणजे ८१ किंवा ३२५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये तीन महिन्यांतील पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६.२ टक्के होते, तर ६५० किंवा १,३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये ८.४ टक्के. गोळी नीट घेतली जाते आहे, दुखण्याचे औषध आड येत नाही, आवरणाचा प्रश्न नाही, आणि तरीही आकडा वरच असेल, तर क्लोपिडोग्रेलचा विचार करणे अधिक शहाणपणाचे. पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांत आता दुसराही मार्ग आहे : २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ६,५६४ रुग्णांच्या व्हॉयेजर चाचणीत ॲस्पिरिनच्या जोडीला रिव्हरॉक्साबान या रक्त गोठणे कमी करणाऱ्या औषधाची २.५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिल्यावर पाय व हृदयाच्या गंभीर घटना कमी झाल्या, आणि तिथे कोणाचीही प्लेटलेट चाचणी करून औषध ठरवले नव्हते. रक्तस्रावाची शक्यता त्याने थोडी वाढते, तेव्हा तोही निर्णय रुग्ण पाहूनच घ्यायचा.

खर्चाचे म्हणाल, तर यंत्रापेक्षा कार्ट्रिजे जड पडतात. एका कार्ट्रिजला साध्या रक्तगणनेच्या कितीतरी पट पैसे लागतात, आणि मुदत संपलेली कार्ट्रिजे टाकून द्यावी लागतात. महिन्याला मोजक्याच चाचण्या होणाऱ्या लहान रुग्णालयाने ही खरेदी करू नये. जवळच्या मोठ्या प्रयोगशाळेशी, चार तासांत नमुना पोहोचेल असे ठरवून घ्यावे. ज्या रुग्णालयात रक्तवाहिनी शस्त्रक्रिया, हृदयाची अँजिओप्लास्टी आणि मेंदूच्या वाहिन्यांचे उपचार, असे तिन्ही विभाग आहेत, तिथे मात्र हे यंत्र आपली जागा राखते. मेंदूच्या वाहिनीत स्टेंट बसवणारे डॉक्टर क्लोपिडोग्रेलचे कार्ट्रिज तर आमच्याकडून नियमित मागतात.

उत्पादकाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. निकालाच्या पट्टीवर ५५० च्या अलीकडे-पलीकडे अशी एकच रेघ न ओढता मधला संशयाचा पट्टाही दाखवावा, कारण ५४५ आणि ५५५ या दोन माणसांत फरक करण्याइतके कोणतेही जैविक मोजमाप नेमके नसते. आणि नमुन्याची नोंद करताना शेवटच्या गोळीची वेळ भरल्याखेरीज यंत्राने पुढे जाऊच नये, अशी सोय द्यावी. तोवर आम्ही ती वेळ हाताने लिहितो. आमच्या अहवालाच्या पहिल्या ओळीत आता गोळी कधी घेतली ते असते, दुसऱ्या ओळीत दुखण्याची इतर कोणती औषधे चालू आहेत ते, आणि आकडा तिसऱ्या ओळीत.